बावीस मिनिटांचा रस्ता

लोकेश : राग नोका मानू सोमाजीभाऊ, पन या कागदावर दुसरा मालक लिहून आहे. फोनवर तं तुमी म्हणत होते का गाडी एकाच हाताची आहे.

सोमाजी : एकाच हाताची आहे.

लोकेश : मंग हा दोनचा आकडा कायचा?

सोमाजी : कागदाचा. हात एकच.

लोकेश : असं नाई होत ना भाऊ. हे पाहा, मालकाचं नाव, कमळा सोमाजी मोहुर्ले. बाई चालवते का गाडी?

सोमाजी : तिले सायकलबी येत नाई. चाय घे, थंडी होऊन राह्यली.

लोकेश : चाय घेतो. पन साफ सांगतो, मी एकदा फसलो आहे. तीन वर्सं झाले, मोटरसायकल घेतली. इकनारा माहा मावशीच्या गावचा, गोड बोलनारा. दोन महिन्यानं फायनान्सवाले आले अन माह्या दारासमोरून उचलून घेऊन गेले. सारं गाव पाहून राह्यलं होतं. तवापासून मी यादी घेऊनच निंगतो. माह्या चुलतभावानं लिहून देली. एकोणीस गोष्टी आहेत.

सोमाजी : मंग नीट बसून इचार. एकोणीस गोष्टी उभ्यानं होत नाई.

लोकेश : पयला मालक कोन होता?

सोमाजी : विक्की. माहा पोरगा.

लोकेश : मंग त्यालेच बलवा ना. चालवनाऱ्याशी बोलाव, असं इथी पयल्याच नंबरवर लिहून आहे.

सोमाजी : थो नाई येत.

लोकेश : कामावर असन तं फोन लावून द्या. दोन मिनिटं बोलतो.

सोमाजी : बापू, बिनलग्नाचा पोरगा गेला तं त्याच्या मांगं माय वारीस लागते. बाप नाई, माय. आरटीओतल्या बाबूनं सांगलं मले. म्हून तिचं नाव चढलं. अजून फोड करून सांगू का?

लोकेश : नाई. नाई भाऊ. मले मालूम नोहतं.

सोमाजी : तुले कसं मालूम राहीन? तू चामोर्शीच्या तिकडला.

लोकेश : भाऊ, वाईट वाटते इचाराले, पन इचारावं तं लागन. ॲक्सिडंट झाला का? याच गाडीत?

सोमाजी : गाडीले खरोच नाई, पाहून घे. नाग चावला त्याले. कातिकात, धानाचे भारे बांधून राह्यलो होतो तवा. यादीतलं पुढचं इचार.

लोकेश : मांगच्या सीटचा कव्हर नवा आहे. बाकी सारं जुनं अन तेवढाच नवा. काऊन?

सोमाजी : दोन पोरं जन्मले त्या सीटवर.

लोकेश : काय?

सोमाजी : साऱ्या गावच्या बायका बाळंतपणाले याच गाडीत गेल्या. दोघीनं मूलच्या दवाखान्याची वाट नाई पाह्यली. विक्की म्हणे, बाबा, गाडीत बसले होते एक अन उतरले दोन, मी जास्तीचं भाडं घेऊ का? पयलंबी घेत नोहता लेकाचा. कव्हर मातर दोनदा बदलला.

लोकेश : बत्त्या बरोबर आहेत. वायपर फिरते. हॉर्न वाजून नाई राह्यला भाऊ.

सोमाजी : वायर काढून ठेवली आहे.

लोकेश : उंदरानं कुरतडली का?

सोमाजी : नाई. मी काढली.

लोकेश : काऊन?

सोमाजी : वाजते म्हून.

लोकेश : हे तं काई मले समजलं नाई. बरं, एक चक्कर मारून पाहू का? तुमी बाजूले बसा.

सोमाजी : चाल. बोडीच्या वळणापर्यंत नेजो, तिथून वापस. पुढं नोको.

(गाडी गावाबाहेरच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, वळणापर्यंत जाते आणि परत अंगणात येऊन उभी राहते.)

लोकेश : भाऊ, क्लच जळल्याचा वास येऊन राह्यला.

सोमाजी : येत असन.

लोकेश : फोनवर तुमी म्हणले, गाडी कातिकापासून उभीच आहे. उभ्या गाडीचा क्लच जळते का? अन हे पाहा. जाहिरातीतला फोटो, मांगच्या महिन्यातला. मीटरवर बावन हजार तीनशे दहा. आता समोर पाहा. त्रेपन हजार चोवीस. सातशे चौदा किलोमीटर झाले ना भाऊ. कोन चालवते?

सोमाजी : मी.

लोकेश : भाड्यानं सवाऱ्या मारता का?

सोमाजी : नाई.

लोकेश : मंग कुठी जाता?

सोमाजी : दवाखान्यात. मूलले. सतरा किलोमीटर जानं, सतरा येनं. लावून घे हिसाब.

लोकेश : घरी कोन बिमार आहे?

सोमाजी : कोनी नाई.

लोकेश : बिमार कोनी नाई अन रोज दवाखान्यात जाता! भाऊ, मी चाळीस कोसावरून दोन बस बदलून आलो. पोरीसाठी गाडी पाह्यजे मले. सिकलसेल आहे तिले, पाच वर्साची आहे. दुखनं उठलं का लेकरू हातपाय घासते अन मी गावभर गाडी मांगत फिरतो. मले येडं नोका बनवू. दुसरी चाबी कुठी आहे? दोन चाब्या पाह्यजे, एकच दिसून राह्यली. चाबी नसन तं राहू द्या, मी साडेबाराच्या बसनं जातो.

कमळा : दुसरी चाबी माह्यापाशी आहे बापू. बस. बसनं कुठी जाऊ नोको, ते बस कधी येते ते ड्रायव्हरलेबी माईत नसते.

लोकेश : नमस्कार बाई.

कमळा : मी आतून सारं ऐकून राह्यली होती. हे खरं सांगत आहेत, पन अर्धंच सांगतात. लगनापासून हीच सवय. अर्धं पोटात ठेवतात अन मंग पोट दुखते म्हणतात.

सोमाजी : तू चाबी दे अन घरात जा.

कमळा : मालकीण मी आहे ना? कागदावर कोनाचं नाव आहे? मंग मीच बोलीन. ऐक बापू. हे रोज सकाऊन पाचले उठतात. मले वाटे वावरात जातात. गाडी काढतात, मूलच्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत जातात, घड्याळ पाहतात अन वापस येतात. चाय नाई, पानी नाई, कोनाशी बोलनं नाई. तिथल्या चपराश्यानं माह्या भावाले, श्रीहरीले सांगलं, तवा मले समजलं. म्हणे, तुमचे भाऊजी फाटकापाशी येऊन रडतात अन गाडी वळवतात.

सोमाजी : रडत नाई मी. घड्याळ पाहतो.

लोकेश : घड्याळ काऊन पाहता भाऊ?

सोमाजी : बावीस मिनिटं लागते.

लोकेश : मंग?

सोमाजी : डॉक्टर म्हणला होता, अर्ध्या घंट्यात आनला असता तं लस लागू झाली असती. आमाले दीड घंटा लागला. ट्रॅक्टरवर नेला. मले पाहाचं होतं का अर्ध्या घंट्यात जाता येते का नाई. पयल्या दिशी पन्नास मिनिटं लागले, मी म्हटलं बरं झालं, जमलंच नसतं. जीवाले जरा हलकं वाटलं. मंग चाळीस लागले. मंग पस्तीस. आता बावीस लागते. येते जाता.

कमळा : ज्या दिशी बावीस लागले, त्या दिशीपासून याईचं जेवन तुटलं. म्हून म्हटलं, इका ते गाडी. नाई तं एक दिवस मी याईलेबी घालून बसीन.

लोकेश : पन भाऊ, त्या दिशी गाडी नोहती का?

सोमाजी : होती ना. वावरातच उभी होती. टाकी भरून होती. दुसऱ्या दिशी शेजारच्या धुरपताबाईच्या सुनेले दवाखान्यात न्यायचं होतं, म्हून त्यानंच भरून आनली होती.

लोकेश : मंग?

सोमाजी : चालवनारा एकच होता.

कमळा : सांगून टाका आता. अडीच महिने मलेबी धड नाई सांगलं. परक्या मानसाले सांगाले तरी जीभ उचलते का पाहा.

सोमाजी : बाजूच्या गावात मंडई होती, दिवाळीमांगची जत्रा. सारे पोट्टे तिकडं. विक्कीबी जानार होता. मी म्हटलं, भारे बांधून जा, मले एकट्याले होत नाई. माह्या म्हणन्यानं थांबला. भारा उचलला अन खाली नाग. चावला तं बोंबललाबी नाई. म्हणे, बाबा, गाडीत बसा, मी चालवतो, काई नाई होत. बोडीच्या वळणापर्यंत आनली त्यानं. मंग थांबवली. म्हणे, बाबा, रस्ता दोन दोन दिसून राह्यला. पापन्या उचलत नोहत्या त्याच्या. बोटानं उघडून धरल्या, तरी पडत.

लोकेश : फोन नाई लागला का कोनाले?

सोमाजी : लागला. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटले घेऊन गेली होती. पोट्ट्याईले लावला तं मंडईत ढोल-डफडे वाजून राह्यले, कोन उचलते? मंग थो बाजूच्या सीटवर सरकला. म्हणे, तुमी बसा इथी. डाव्या पायानं क्लच दाबा. हळू सोडा. मी दाबला, सोडला, गाडी बंद. म्हणे, हळू बाबा, हळू. चिडला नाई माह्यावर. पुन्हा बंद. तीनदा बंद पडली. तिसऱ्या वेळेस थो काई बोललाच नाई.

लोकेश : भाऊ...

सोमाजी : पाच वर्सं म्हणत होता, बाबा, शिकून घ्या. दोन दिवसाचं काम आहे. मी म्हणो, तू आहेस ना ड्रायव्हर, मले कायले पाह्यजे? तो गेल्यावर श्रीहरीनं शिकवलं मले. वावरात, धानाच्या खुटावर. खरंच दोन दिवसाचं काम होतं.

कमळा : आता पानी घ्या. घ्या म्हणते ना.

सोमाजी : मंग मी हॉर्न दाबला. दोन्ही हातानं दाबून धरला. म्हटलं, रस्त्यानं कोनी जात असन तं ऐकन. लय वेळ धरला. ट्रॅक्टर दिसेपर्यंत सोडला नाई. तो आवाज अजून डोक्यात आहे माह्या, म्हून वायर काढली. समजलं का बापू आता?

लोकेश : समजलं भाऊ. माफ करा. मी सवाऱ्या म्हटलो तुमाले.

कमळा : मी ऐकला होता.

सोमाजी : काय?

कमळा : हॉर्न.

सोमाजी : कोनता?

कमळा : तोच. तुमी दाबला तो. मी चुल्हीपाशी होती.

सोमाजी : तू कधी सांगलं नाईस.

कमळा : तुमी कुठी सांगलं, का तो हॉर्न तुमी वाजवला? मी समजो विक्कीनं वाजवला. बापू, तुले सांगते. थो रोज मूलवरून येताना वळणावर हॉर्न वाजवे. हॉर्न वाजला का मी भाताचं आंधन ठेवो. गाडी आंगनात लागेपर्यंत, हातपाय धुवेपर्यंत, माह्याशी दोन गोष्टी कुचाळक्या करेपर्यंत भात होऊन जाये. शिळा भात नाई चाले त्याले. राजा होता ना मोठा. त्या दिशी हॉर्न वाजला, अन वाजतच राह्यला. मी म्हटलं, आज भूक लागली वाटते पोराले. मी आंधन ठेवलं.

सोमाजी : कमळे.

कमळा : बोलू द्या. धुरपताबाईचा जावई तिच्या वट्ट्यावर झोपून होता. ट्रकवर ड्रायव्हर आहे तो. पाव्हना म्हून आला होता. बोडी इथून पाच मिनिटाच्या रस्त्यावर. मी नुसती उठली असती, नुसतं दारात येऊन म्हटलं असतं, जावईबापू, पाहा बरं काऊन एवढा वाजून राह्यला... एवढंच बोलाचं होतं. मी तांदूळ धुतले. मी भात टाकला. भात झाला, उतरवला, ताट घेतलं. अन बसून राह्यली वाट पाहत, का गाडी अजून काऊन आंगनात नाई येत.

सोमाजी : मी हॉर्न धरून होतो. मले वाटे कोनीच ऐकून नाई राह्यलं.

कमळा : ऐकला ना. मायनंच ऐकला.

लोकेश : बाई, रडू नोका. भाऊ, मी जातो. मले ही गाडी घेववत नाई. मी तुमच्या घरात उगाच यादी घेऊन शिरलो.

कमळा : यादी घेऊन आला म्हून तं इतकं बोललो आमी. नाई तं दोन जीव एका घरात राहून मुके झालो होतो. बस. अन गाडी तूच घेशीन. लेकराचं दुखनं वाट पाहत नाई.

सोमाजी : थांब. मले एक इचाराचं आहे याले. तुहे एकोणीस झाले, माहा एकच. तुही बायको गाडी चालवते का?

लोकेश : करिश्मा? नाई. तिले कायले पाह्यजे भाऊ, मी आहे ना.

सोमाजी : ऐकलं का कमळे?

कमळा : ऐकलं.

लोकेश : काय झालं भाऊ?

सोमाजी : तू आहेस ना. असंच म्हणो मी. बापू, तू पंचायतीत कामावर जातोस, फोनवर तूच सांगलं. कधी गडचिरोलीले जाशीन, कधी तापानं पडशीन, कधी तुलेच काई चावन. गाडी दारात उभी राहीन, पोरगी तळमळत राहीन अन तुही बायको त्या गाडीभोवती फिरत राहीन. मी नाई देत तुले गाडी.

लोकेश : भाऊ, असं नोका करू.

सोमाजी : घरी चालवनारे दोन पाह्यजे. मंगच देईन.

लोकेश : करिश्मा ऐकनार नाई. तिले भेव वाटते. अन सासूबाई काय म्हणन, गाव काय म्हणन...

कमळा : गाव मंडईत राह्यते बापू. कामाच्या दिशी गाव मंडईत असते. तिले इथी घेऊन ये. मी बोलते तिच्याशी.

सोमाजी : पोरीलेबी आन. आमच्या वावरात शिकवीन मी. धान निंगाला आहे, जागाच जागा आहे. दोन दिवसाचं काम आहे. क्लच कसा सोडाचा ते मले येते आता. बंद पडली तं मी चिडनार नाई तिच्यावर. माह्यावरबी कोनी चिडलं नोहतं.

लोकेश : आनतो भाऊ. ह्या रविवारी आनतो. सोमवारी तुमी, मी अन बाई चंद्रपूरले आरटीओत जाऊ. पैसे मी कागदं लागल्यावर बाईच्या खात्यातच टाकतो, ते तेवढं यादीतलं राहू द्या.

सोमाजी : राहू दे. बरोबर लिहून देलं तुह्या भावानं. क्लचची प्लेट मी नवीन बसवून देतो. ते माह्यानं जळली.

कमळा : अन हे घे.

लोकेश : ही दुसरी चाबी का बाई? पदराले बांधून ठेवली होती तुमी?

कमळा : दवाखान्यातून त्याचे कपडे देले, त्याच्या खिशात होती. त्या दिशी गाडी याच चाबीनं चालू केली त्यानं, ट्रॅक्टरवर चढवताना कोनीतरी काढून त्याच्या खिशात घातली. तुले नाई देत ही. करिश्माच्या हाती देजो. तिनं आपल्यापाशी ठेवाव. तू मांगली तरी तुले देऊ नोको म्हणाव.

लोकेश : सांगतो बाई. अजून एक, आमचा रस्ता जंगलाचा आहे. हरन, डुक्कर आडवे येतात, वाघबी येते. हॉर्न पाह्यजे. मी जोडून घेऊ का मिस्त्रीकडून?

सोमाजी : मीच जोडून देतो. वायर ठेवून आहे.

कमळा : जोडा. पन बापू, गाडी नेशीन तवा वळण पार होईपर्यंत वाजवजो नोको.

लोकेश : नाई वाजवत बाई.

कमळा : नाई तं मी आंधन ठेवून देईन.